वड पडल्यानंतरचे पहिले आठ दिवस

साताऱ्याकडच्या एका गावातून एका ताईंनी फोटोंसह विचारलं आहे: "देवळापुढचा आमचा वड गेल्या शुक्रवारी वळवाच्या वादळात आडवा झाला. कुणी तो दोनशे वर्षांचा सांगतं, कुणी चारशे. माझे आजोबा 84 वर्षांचे आहेत. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत, जेवणही कमी झालंय. ग्रामपंचायत लाकडाचा लिलाव करायचं म्हणते. सहा वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्हीच पाराला सिमेंट आणि फरशी केली होती. रस्त्यावरच्या पारंब्या एसटीच्या टपाला लागतात म्हणून त्याही छाटल्या होत्या. वड आमच्यामुळे गेला का? तो परत उभा करता येईल का? वटपौर्णिमा आठवड्यावर आली आहे, बायका विचारतायत."

ताई, सगळ्यात आधी करवत थांबवा. बाकीचं नंतर वाचा. सरपंचांना सांगा की रस्ता मोकळा करण्यापुरत्या फांद्या काढा आणि लिलाव पंधरा दिवस पुढे ढकला. तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या, म्हणजे कागदाचं काम अडणार नाही. वडाच्या लाकडाला तसा भाव येत नाही. इमारतीला ते चालत नाही आणि जळणालाही फारसं बरं नाही. जुन्या लोकांनी वडाचं काही वापरलं असेल तर पारंब्यांचं लाकूड, तंबूच्या खांबांना आणि बैलगाडीच्या जुवाला, कारण ते खोडापेक्षा चिवट असतं. चार पैशांसाठी घाई करावी असं त्या लाकडात काही नाही. उलट पुढचे आठ दिवस त्या पडलेल्या झाडात जे आहे, ते नंतर कितीही पैसे मोजून मिळणार नाही.

तुमच्या तिसऱ्या फोटोत देवळाच्या अंगाला दोन जाड पारंब्या अजून उभ्या दिसतात. त्यांतली एक माणसाच्या कवेत मावणार नाही इतकी आहे. त्या जमिनीत रुजलेल्या असतील, आणि वरची फांदी पूर्ण तुटली नसेल, तर तुमचा वड मेलेला नाही. तो पडला आहे. हा फरक मी तुमचं समाधान करायला सांगत नाही. आंबा, चिंच किंवा कडुनिंब उन्मळला की झाडाचा जीव ज्या एका खोडावर असतो तेच जातं. वडाची रचना वेगळी. त्याची प्रत्येक रुजलेली पारंबी मुळाचं काम करते आणि पुढे खोडाचंही. मूळ खोड हे त्याच्या अनेक पायांपैकी सगळ्यात जुनं, एवढंच.

कलकत्त्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड तुम्ही चित्रात पाहिला असेल. बाग 1787 ची. वड त्याहूनही जुना मानतात. 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, त्या जखमांतून बुरशी आत शिरली, आणि पुढची साठेक वर्षं ती खोड खात राहिली. पन्नास फुटांच्या आसपास घेर असलेलं ते खोड अखेर 1925 मध्ये काढून टाकावं लागलं. म्हणजे आज लोक लांबून बघायला येतात त्या झाडाला मधलं खोडच नाही. शंभर वर्षं झाली. तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर तो उभा आहे, आणि मे 2020 च्या अंफान वादळात त्याची बरीच मोडतोड झाली तरी तो टिकला. खोड काढलं त्या दिवशी त्या बागेतल्या माळ्यांना काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. त्यांच्या डोळ्यांदेखत झाड संपत होतं. त्यांनी बाहेरच्या पारंब्या जपल्या म्हणून आज आपण हे बोलतोय.

आता उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. मातीची ढेप, म्हणजे मुळांचा जो गड्डा वर आला आहे, त्यावर ओली पोती टाका आणि दिवसातून तीनदा भिजवा. उघडी मुळं उन्हात एका दुपारीत वाळतात. मग चाकूने खोडाची आणि फांद्यांची साल जागोजागी नखाएवढी खरवडा. खाली ओलसर हिरवट थर दिसला आणि चीक आला तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर गेलेला. जिवंत भागावर चुन्याचा पट्टा ओढा, म्हणजे कापणाऱ्याला कळेल. मोडून लोंबणाऱ्या फांद्या सरळ कापून घ्या. पानांचा भार निम्म्याने कमी करा, कारण उरलेल्या मुळांना आता तेवढ्या पानांना पाणी पुरवता येणार नाही. उभ्या पारंब्यांना आणि त्यांच्या वरच्या फांदीला कुणाला हात लावू देऊ नका. त्या फांदीखाली लाकडी टेकू द्या.

क्रेन लावून उभा करायचा विचार सोडून द्या. कुणीतरी गावात मोठ्या मनाने जेसीबी देतो म्हणेल, त्याला हात जोडा. एवढ्या वजनाचं झाड ओढताना आडव्या बाजूला जी मुळं अजून जमिनीत शाबूत आहेत, ती पिळवटून तुटतात. आणि सध्या झाडाचा जो जीव आहे तो नेमका त्यांच्यातच आहे. पडलंय तसं राहू द्या. वर आलेल्या मुळांवर चांगली माती चढवा. इंग्लंडमध्ये वुल्सथॉर्पला न्यूटनच्या घरचं सफरचंदाचं झाड 1820 मध्ये वादळात पडलं होतं. पडल्या जागी त्याला पुन्हा मुळं फुटली आणि ते अजून फळतं. सफरचंदाला जे जमलं ते वडाला जास्त सोपं आहे. तरीही मूळ खोड वाचेल असं वचन मी फोटोवरून देणार नाही. पारंब्यांकडचा भाग वाचण्याची शक्यता मात्र मला चांगली दिसते.

दुसरा प्रश्न विचारायला तुम्हाला धीर लागला असेल, म्हणून त्याचं उत्तर मी गुळमुळीत देत नाही.

उपटलेल्या गड्ड्याजवळ जा आणि तुटलेल्या मुळांची टोकं बघा. ती सगळं सांगतात. ताजं, जिवंत मूळ तुटलं की त्याचे धागे लांब निघतात, पांढरट-पिवळे, ओढून फाडलेल्या सुतळीसारखे. जे मूळ आधीच मेलेलं होतं ते बोथट तुटतं, आतून काळं आणि भुसभुशीत, बोटाने चुरता येईल असं. आणखी तिसरी खूण असते. काही टोकं सुरीने कापल्यासारखी सरळ असतात आणि कडेला सालीची गाठ चढलेली असते. ती यंत्राने तोडलेली मुळं. तुमच्या पाचव्या फोटोत रस्त्याच्या अंगाला अशी निदान तीन टोकं मला दिसतात. रस्ता रुंद केला तेव्हा खोदलेल्या चराची ती आहेत. गाठीची जाडी बघता हे तुमच्या फरशीच्या कितीतरी आधीचं काम आहे.

वडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वर सिमेंटचा थर बसला की पाऊस आत मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि मुळं गुदमरून मरायला लागतात. वर पानं हिरवीगार दिसत असतात, कारण मोठ्या झाडाकडे साठवण भरपूर असते. पाच-दहा वर्षं ते काही कळू देत नाही. मग शेंडे वाळायला लागतात, पानं लहान येतात, आणि बुंध्याशी पावसाळ्यात तपकिरी, लाकडासारखी कडक अळिंबी उगवते. ही अळिंबी आजोबांनी नक्की पाहिली असेल, त्यांना विचारा. ती दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

पारंब्यांचंही तसंच. वडाची आडवी फांदी पन्नास-साठ फूट लांब जाते ती खाली पारंबी टेकणार या हिशोबाने. टेकू काढला आणि फांदी वाढत राहिली की सगळा भार एका अंगाला लटकतो. तुमच्या फोटोत झाड रस्त्याच्याच बाजूला कललेलं आहे. तेव्हा हो, ताई. फरशी आणि पारंब्यांची छाटणी या दोन्हींचा वाटा आहे. पण सुरुवात तुमच्यापासून झाली नाही. रस्त्याचा चर, मग त्यातून शिरलेली बुरशी, मग फरशी, मग छाटणी, आणि शेवटी एका संध्याकाळचा वारा. वारा तर त्या वडाने शेकडो वेळा झेलला होता.

ज्या लोकांनी वर्गणी काढली त्यांनी ती मायेने काढली होती. मी हे ठामपणे म्हणतो, कारण मीसुद्धा असंच प्रेमाने एक झाड मारलं आहे. मी 1980 च्या दशकात एका बागेत नोकरीला लागलो तेव्हा म्हाताऱ्या झाडाची ढोली खरवडून तिच्यात विटा-सिमेंट भरायची पद्धत होती. दाताची कीड काढून भरावी तसं. तिथल्या एका जुन्या चिंचेची ढोली मी स्वतः भरली. तीन दिवस लागले, काम देखणं झालं होतं. अकरा वर्षांनी चिंच बरोबर सिमेंटच्या वरच्या कडेला मोडली. सिमेंटभोवतीचं लाकूड ओल्या भुशासारखं झालं होतं. पाणी आत अडून राहिलं होतं, आणि झाड वाऱ्यात झुलत होतं तेव्हा आतला दगडासारखा ठोकळा झुलत नव्हता.

त्यानंतर मी अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाचं काम वाचलं. त्याने हजारो झाडं उभी चिरून आत काय चाललंय ते पाहिलं होतं. 1970 च्या दशकात त्याने मांडलेली गोष्ट साधी आहे. आपली कातडी जशी नव्याने येते तसं झाड जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती भिंती उभारून कीड आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. ढोली खरवडणं म्हणजे झाडाने बांधलेली भिंत आपण फोडणं. मी चिंचेची भिंत फोडली होती. त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण ती चिंच मला आठवते, आणि आठवावी असंच मला वाटतं. तेव्हापासून मी पोकळ झाड बघून घाबरत नाही. बांबूही पोकळच असतो. भोवतीचं निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जाड असेल तर बहुतेक झाडं उभी राहतात. ढोलीपेक्षा मला बुंध्याशी चढवलेल्या सिमेंटची जास्त भीती वाटते.

तर पहिलं प्रायश्चित्त हातोड्याने करायचं. उभ्या पारंब्यांभोवतीची फरशी पाऊस जोर धरायच्या आत फोडून काढा. हाताने, छिन्नीने, यंत्राने नाही. खाली घट्ट बसलेली माती पहारीने जागोजागी भोकं पाडून सैल करा, त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरा. पूर्वीचे पार घडीव दगडांचे असत, सांध्यात चुना नसे, आत माती. त्यावर माणसं बसत आणि खाली मुळं श्वास घेत. तसा पार पुन्हा बांधायचा असेल तर बांधा, पण बुंध्यापासून लांब.

आता कलमांबद्दल. या आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे.

वडाच्या फळातल्या बीपासून रोप येतं, पण ते त्याचं मूल. त्यात दुसऱ्या वडाचाही अंश असतो. फांदीपासून आलेलं झाड मात्र तोच वड असतो, त्याच देहाचा तुकडा. बुद्धगयेचा बोधिवृक्ष म्हणून आपण ज्याला नमस्कार करतो, तिथलं आधीचं जुनं झाड 1876 च्या वादळात पडलं होतं. आजचं झाड कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने 1881 मध्ये लावलं. त्याच्याही कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, बोधिवृक्षाची एक फांदी श्रीलंकेत अनुराधापुरला नेऊन लावली होती असं तिथले ग्रंथ सांगतात, आणि तो पिंपळ आजही पूजेत आहे. अगदी अलीकडचं सांगायचं तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या जुन्या रोमन भिंतीजवळचं सिकॅमोरचं एकुलतं झाड दोघांनी सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीत कापून टाकलं, तेव्हा लोक तिथे येऊन रडले. त्याच दिवसांत तज्ज्ञांनी फांद्यांच्या काड्या आणि बिया गोळा करून रोपवाटिकेत पोचवल्या. त्यातून रोपं तयार झाली. झाड 49 फूट उंच होतं म्हणून 49 रोपं वेगवेगळ्या गावांना आणि संस्थांना दिली. पुढच्या उन्हाळ्यात कापलेल्या बुंध्यालाही आठ धुमारे फुटले. काड्या गोळा करायला महिनाभर थांबले असते तर त्यातलं फारसं काही हाती लागलं नसतं.

तुमचं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे, कारण वड कलमाला फार उदार असतो, आणि पाऊस तोंडावर आहे. दोन प्रकारे लावा. अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर किंवा थोड्या लांब काड्या घ्या. पानं काढा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्या. चीक वाहू द्या, पाण्यात धुवा, सावलीत तास-दोन तास सुकू द्या. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत दोन हिस्से आत, एक हिस्सा बाहेर असं खोचा. शंभर लावा, सगळ्या लागणार नाहीत. दुसरा प्रकार जुना, रस्त्याकडेला वड लावणाऱ्यांचा. मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांब सरळ खुंट्या घ्या. वरच्या कापावर शेणमातीचा गोळा थापा आणि दीड फूट खोल थेट जमिनीत रोवा. गुरांच्या तोंडाला शेंडा लागत नाही, म्हणून गावात या खुंट्या जास्त टिकतात. जिथे चीक आला आणि तुम्ही चुन्याचा पट्टा ओढलात, तिथलीच फांदी घ्यायची. बुरशी लागलेल्या बाजूची नको.

जुन्याच खड्ड्यात लावू नका. सगळ्या गावाला तीच जागा हवी असते, मला ते समजतं. पण तिथली मेलेली मुळं पुढची काही वर्षं कुजत राहतील आणि बुरशी त्यांच्यावर जगेल. चाळीस-पन्नास फूट बाजूला घ्या. वर विजेची तार नको, शेजारी देवळाची भिंत किंवा रस्त्याची कड नको. आज तुम्हाला ओसाड वाटेल इतकी मोकळी जागा चारी बाजूंनी सोडा. पुढे पारंब्या लोंबायला लागल्या की उभा चिरलेला बांबू लावून, त्यात माती भरून त्या हव्या तिथे उतरवता येतात. रस्त्याकडे जायला लागली तर तिला वळवा, कापू नका.

वटपौर्णिमेला बायकांनी त्या उभ्या पारंबीची पूजा करावी. ती वडच आहे, आणि तोच वड आहे. दोरा सुती असू द्या, नायलॉनचा नको. दिवा आणि कापूर बुंध्याला चिकटून नको. ढोलीत ठेवलेल्या निरांजनाने झाड आतून जळालेलं मी दोनदा पाहिलंय. शहरात त्या दिवशी फांद्या तोडून विकतात. तुमच्याकडे या वर्षी फांद्या पडलेल्याच आहेत, तेव्हा जिला पूजेला फांदी हवी तिला ती द्या आणि दुसऱ्या दिवशी ती परड्यात रोवायला सांगा. चाळीस घरांत चाळीस खुंट्या लागल्या तर दहा तरी जगतील.

पडलेल्या फांद्यांत घरटी आहेत का तेही आजच बघा. जूनच्या तोंडाला पिंगळ्याची, तांबटाची पिल्लं ढोलीत असू शकतात. हरियाल आपला राज्यपक्षी, तो वडाची फळं आवडीने खातो. ढोली असलेला ओंडका कापावा लागला तर ढोलीसकट लांब कापून जवळच्या झाडाला तेवढ्याच उंचीवर बांधा. पिल्लांचे आईबाप बरेचदा येतात. आग्यामोहोळ असेल तर जवळ जाऊ नका, त्या माश्या स्वतःच उठून जातील.

आजोबांबद्दल. "झाडच होतं ते" असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. 84 वर्षं ज्याच्या सावलीत बसले, ज्याच्या पारंबीला लहानपणी लोंबकळले, ज्याच्याखाली बहुधा त्यांचं लग्नही ठरलं असेल, ते गेल्यावर माणूस जेवत नाही यात वेडेपणा काही नाही. माझ्या कामात मी हे बरेचदा पाहिलंय, आणि एक गोष्ट उपयोगी पडते हेही पाहिलंय. अशा माणसाला काम द्यावं, आणि ते खरं काम असावं. कुठली फांदी आधी पालवायची, कुठल्या बाजूला फळ गोड लागायचं, अळिंबी कुठल्या वर्षी आली, कुठली पारंबी त्यांच्या देखत टेकली, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला माहीत नाही. निरोगी फांदी निवडायला मला हीच माहिती लागली असती. त्यांना खुर्ची टाकून तिथे न्या आणि कुठली फांदी घ्यायची ते त्यांना दाखवू द्या. ते बोलतील ते लिहून घ्या. वयाचा वादही मग जरा बाजूला राहील. वडाला वर्षाची कडी नीट उमटत नाही आणि जुना गाभा कुजून गेलेला असतो, त्यामुळे दोनशे की चारशे हे खोड चिरून कळणार नाही. आजोबांच्या आजोबांनी तो केवढा पाहिला होता, हे मात्र त्यांच्याकडून कळेल.

खुंट्यांना पंधरा-वीस दिवसांत तांबूस पालवी फुटेल. तेव्हा मुळं आलीत का म्हणून उपटून बघू नका. ती पालवी लाकडातल्या साठवणीवर आलेली असते, मुळं त्यानंतर येतात. पहिली पानं गळली तरी पाणी बंद करू नका, दुसरी पालवी येईपर्यंत थांबा. दसऱ्याच्या सुमाराला मला फोटो पाठवा, उभ्या पारंब्यांचाही. टेकू कधी काढायचा ते तेव्हा बघून सांगतो.